फोनवर सांगितलेला नंबर

माझं डोकं फिरलं की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्या सकाळी फिरलं, कारण आमच्या गिऱ्हाइकांच्या कार्डांवरून पैसे चोरीला गेले म्हणून कार्डाच्या कंपनीने आमच्या केकच्या दुकानाचं कार्डाने पैसे घेणं बंद केलं. आमची बहुतेक गिऱ्हाइकं फोनवर ऑर्डर देतात नि कार्डाने पैसे भरतात. ते बंद म्हणजे दुकानाला कुलूपच!

"चोरी तुमच्याकडे आणि शिक्षा आम्हाला?" मी कंपनीच्या मॅडमना फोनवर झापलं. "सुरक्षा तुम्ही सांभाळायची म्हणून दर महिन्याला पैसे मोजतो, ते काय उगाच? आम्ही नंबर कुठेही लिहून ठेवत नाही. गिऱ्हाईक सांगतं, आम्ही थेट तुमच्या वेबसाइटच्या पानावर टाकतो."

फोन स्पीकरवर होता, नि माझे दीर शेजारी मान डोलावत उभे होते. कंपनीशी करार त्यांनीच केला होता. "वहिनी, सोडू नका तिला."

"फोन रेकॉर्ड होतात का?" मॅडमनी विचारलं.

"छे!"

"होतात की," भाऊजी अभिमानाने म्हणाले. "केकवरचं नाव चुकलं की भांडणं व्हायची ना? आता कारागीर ऑर्डर ऐकून नाव लिहितात. वर्षभरात एक नाव चुकलं नाही!"

"ते रेकॉर्डिंग कोण उघडू शकतं?"

"लिंक असेल तो कोणीही. कारागीर सारखे बदलतात, पासवर्ड कुठे वाटत बसू?"

म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये सगळंच उघडं पडलेलं. नाव, पत्ता, अख्खा नंबर, कार्डामागचे तीन आकडेसुद्धा, सगळं गिऱ्हाइकांच्याच आवाजात. चौकशी संपेपर्यंत कार्ड घेणं बंदच राहील, असं सांगून मॅडमनी फोन ठेवला.

"भाऊजी, अक्कल गहाण टाकली होती का?"

"सुरक्षा कंपनी बघते ना..."

"कंपनी तिचं पान बघते! आपलं दुकान कोण बघणार?"

तेवढ्यात परत फोन वाजला. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, रिटायर झालेल्या नर्सबाई. "नेहमीचा केक गं. आणि नंबर घे, चार..."

"नका सांगू!" मी किंचाळले. "बाई, तुमच्या कार्डावरून कधी पैसे गेले का हो?"

"गेले ना. कार्ड घरातच होतं. सुनेवर आळ घेतला मी. मुलगा नि ती, दोघंही घर सोडून गेली."

खरं सांगितलं तर गावभर होणार, दुकान बुडणार. न सांगावं तर ती पोरगी चोर ठरलेलीच.

"बाई, सुनेने नाही घेतले," मी म्हणाले. "आमच्या दुकानातून गेले." आणि फोन दिरांच्या हातात कोंबला. "कसे गेले ते सांगा त्यांना. कंपनी येणार नाही सांगायला."