पादुकांचा फैसला

रामसेवक मिस्त्रीनं पादुकांना स्पर्श न करता वरूनच फुटपट्टी धरली, लांबी घेतली आणि कानामागची पेन्सिल काढून आकडा लिहिला. तेवढ्यात फुलांची परडी घेऊन इंदुताई आत आल्या. रोज सकाळी पादुकांना स्नान घालायचं काम बारा वर्षं त्यांच्याकडे होतं.

हे काय चाललंय, म्हणून त्यांनी विचारलं. पेटी करायची आहे, मिस्त्री म्हणाला. पादुका भोपाळला जाणार, बाबूजींनी सांगितलंय.

“तुमसे पूछा था किसी ने?”

मिस्त्री दर गुरुवारी बायकामुलांसह शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुरारहून आरतीला येत असे. तो थोडा ओशाळला.

“हमसे कौन पूछता है, बाईजी.”

“मग पेटी राहू दे. गुरुवारनंतर बघू.”

बाबूजी म्हणजे रघुनाथराव. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच या पादुका नरसोबाच्या वाडीहून आणल्या होत्या आणि अकरा मराठी घरं जमवून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दत्त मंडळ सुरू केलं होतं. आता गुरुवारी दीडशे माणूस जमे, त्यातली निम्मी मंडळी हिंदी बोलणारी. फैसले मात्र अजून रघुनाथराव आणि त्यांचे चार पंचच करत. छप्पन्नच्या नोव्हेंबरात मध्य भारत मोडून नवा प्रांत होणार होता, राजधानी भोपाळ. मोतीमहालातल्या सरकारी कचेऱ्या तिकडे निघाल्या होत्या आणि कचेऱ्यांबरोबर पाचही पंच. जाताना पादुका न्यायच्या, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

इंदुताईंचे यजमान भालचंद्रपंत रघुनाथरावांच्या हाताखाली हेडक्लार्क होते. त्यांचीही बदली झाली होती, आणि भोपाळला क्वार्टर मिळायचं ते रघुनाथरावांच्याच शिफारशीनं. संध्याकाळी बायकोनं हकीकत सांगितली तेव्हा ते बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसले. आपण तर जाणारच आहोत, पादुका तिकडे आल्या तर आपल्याला बऱ्याच, असं ते हळूच म्हणाले.

पुढचे तीन दिवस त्या लष्करात घरोघरी गेल्या आणि एकदा टांगा करून मुरारलाही जाऊन आल्या. पादुका जाव्यात की राहाव्यात, याबद्दल त्यांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही. गुरुवारी या, आरती झाली की उठू नका, एवढंच सांगितलं.

गुरुवारी आरतीचं तबक खाली ठेवलं गेलं आणि इंदुताई बायकांच्या रांगेतून उठून पुढे आल्या.

“पादुकांचा फैसला सगळ्यांना विचारून व्हावा. बायकांनाही. मुरारच्या मंडळींनाही.”

रघुनाथराव जागचे हलले नाहीत. पादुका आपण आणल्या, पंचांनी पूर्ण विचार केलेला आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग आवाज थोडा चढला.

“देवाच्या दारात हात मोजायचे का, वहिनी?”

“पाच मोजलेतच की. बाकीचे राहिलेत.”

भालचंद्रपंत सतरंजीकडे बघत राहिले. रघुनाथरावांनी सगळ्यांना प्रसाद घेऊन घरी जायला सांगितलं. कुणी उठलं नाही. रामसेवकाच्या बायकोनं मांडीवरचं पोर या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि ती तशीच बसली. इंदुताईंच्या शेजारची, पुरुषांसमोर कधी तोंड न उघडणारी शामला बायकांतून म्हणाली, आम्ही थांबतो. रघुनाथरावांनी एकदा दाराकडे आणि एकदा त्या दीडशे माणसांकडे पाहिलं.

“करा,” ते म्हणाले.

आधी न्याव्यात म्हणणाऱ्यांचे हात मोजायचे ठरलं. पाचही पंचांचे वर झाले. बदली झालेल्या काही जणांचे झाले, भालचंद्रपंतांचाही झाला. आणि बायकांच्या पुढच्या रांगेत इंदुताईंचा.

शामलानं घाईनं त्यांचं कोपर धरलं.

“ताई, हे न्यायच्या म्हणणाऱ्यांना विचारतायत.”

“मला ऐकू आलं.”

हात वरच राहिला. एकूण अडतीस भरले. राहू द्या म्हणणारे एकशे नऊ निघाले; त्यात मिस्त्रीही होता, त्याची बायकोही.

मंडळी पांगली. इंदुताई निर्माल्य गोळा करत होत्या. पादुकांवरची शेवंती उचलताना त्यांची बोटं लाकडावर थोडी रेंगाळली. रघुनाथराव जवळ येऊन उभे राहिले.

“तुम्हालाही न्यायच्याच होत्या. मग हा खटाटोप कशासाठी?”

“मला विचारलं नव्हतंत,” इंदुताई म्हणाल्या. “आणि मला विचारायचं, तर त्यांनाही विचारायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी शामलाला बरोबर घेऊन स्नान कसं घालायचं ते दाखवलं. थंडीत पाणी कोमट घे, म्हणाल्या.

क्वार्टर मिळालं नाही. भोपाळला जहांगीराबादेत भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी बिऱ्हाड मांडलं. भालचंद्रपंतांनी त्यावरून एकदाही बोलून दाखवलं नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी रघुनाथराव पत्ता शोधत दारात आले. मफलर सोडून हातात धरला, पण बसले नाहीत. ग्वाल्हेरची नऊ घरं आता भोपाळला आलीत, म्हणाले.

“गुरुवारी माझ्याकडे जमायचं ठरवलं...”

ते थांबले. मफलरची घडी घातली.

“जमायचं का, ते विचारायला आलो होतो.”

“आणखी कुणाला विचारलंत?”

“अजून कुणाला नाही.”

इंदुताईंनी स्टोव्ह बंद केला आणि पायात चपला सरकवल्या.

“चला. दोन घरं मागच्याच गल्लीत आहेत.”