दोघांच्या नावचा विमा

अनुजानं नवऱ्याचं घर सोडलं त्याला भांडण असं काही निमित्त नव्हतं. दोन हजार एकच्या दिवाळीत भाऊबीजेला म्हणून ती पेठ वडगावला माहेरी आली, आणि या खेपेला सयाजी न्यायला आल्याशिवाय जायचं नाही असं तिनं मनाशी ठरवलं. तिकडं कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, सयाजीनं ठरवलं, आपल्या पायानं गेलीय, आपल्या पायानं येईल. चार दिवसांचे पंधरा झाले. तुळशीचं लग्न झालं, संक्रांत झाली. आधी शेजारणी विचारायच्या, "जायाचं कधी?" मग विचारायच्या बंद झाल्या. कुणी कुणाला सोडलं असं नाही. दोघंही वाट बघत बसली आणि संसार मोडला.

लग्न झालं तेव्हा सयाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होता, ओतकामाचे साचे करायचा. पेठेच्या फुटबॉल टीममधून हाफला खेळायचा. खेळ काही फार मोठा नव्हता, पण गल्लीतनं जाताना पोरं हाक मारायची. त्र्याण्णव साली शेजारच्या आबा चौगुल्यांनी दोघांना समोर बसवून विमा उतरवला. आबा विम्याचे एजंट. म्हणाले, "एका हप्त्यात दोघांचा विमा. वीस वर्षांनी मिळून घ्या. आणि मधी एखाद्याचं काय बरंवाईट झालंच, तर मागं राहील त्याला लाख रुपये."

सयाजी हसून म्हणाला, "म्हंजे मी मेल्यावर ही लखपती व्हणार म्हणा की!"

"बोलणं का हे?" अनुजा म्हणाली आणि आत निघून गेली. पण सही केली.

चार वर्षं हप्ते त्याच्या पगारातून गेले. सत्त्याण्णवला फाउंड्रीला कुलूप लागलं. त्यानंतर सयाजी दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी गेला, पण टिकला नाही. तालमीच्या कट्ट्यावर बसू लागला. तंबाखूचा मावा आधीही खायचा, आता दिवसाला सहा-सात पुड्या व्हायला लागल्या. घरात बोलणं कमी होत होत बंद झालं. सासू चिमणाबाईंचं मात्र चालूच असायचं. मूलबाळ नाही, घरात बरकत नाही, सगळं सुनेच्या पायगुणावर. अनुजा साड्यांना फॉल लावायची, पिको करायची, आणि तीन महिन्यांनी येणारा हप्ता चुकता भरायची. माहेरी आल्यावर बालवाडीत नोकरी लागली, चारशे रुपये मानधन. भाऊ अतुल म्हणायचा, "अगं, नवरा न्हाय आणि त्याचा विमा कशाला भरतीस?" आबा पावती आणून द्यायचे, त्यावर दोघांची नावं शेजारी शेजारी असायची, एवढंच.

दोन हजार तीनच्या जानेवारीत मात्र तिनं मन घट्ट केलं. वकिलानं सांगितलं होतं, संमतीनं काडीमोड घ्यायचा तर आधी जोडीनं असलेलं सगळं मोकळं करा, बँकेतलं खातं, विमा. तिनं आबांकरवी निरोप धाडला, पॉलिसी मोडायची आहे, दोघांच्या सह्या लागतात. सयाजीनं होकार कळवला. सोमवार ठरला.

ती विमा ऑफिसात पोचली तेव्हा माय-लेक बाकावर बसले होते. सयाजीला तिनं आधी ओळखलंच नाही. शर्ट अंगावर लोंबत होता आणि तोंडावर उपरणं धरलेलं. तिला बघून तो किंचित सरकला, तिला बसायला जागा केल्यासारखा. ती उभीच राहिली.

चिमणाबाईंनी विषयाला हात घातला. "किती व्हत्यात? बावन्न हजार म्हणतोय आबा. निम्मं निम्मं. हिशेब सरळ हाय."

"आत्या, सत्त्याण्णवपासनं हप्ते मी भरल्यात," अनुजा म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं ती बसमध्ये घोकत आली होती. "पावत्या आणल्यात मी."

"माझ्या घरात बसून शिवलंस, माझं दिवं जाळलंस, त्याचं कोण भरणार?"

"आई." सयाजी उपरण्याआडून बोलला. शब्द तोंडात लोळवल्यासारखा यायचा. "तिचं बरोबर हाय. गप बस."

क्लार्क फॉर्म आणायला उठला तसे आबा अनुजाला म्हणाले, "पोरी, जरा च्या घेऊया चल." बाहेर गाड्यावर चहा सांगितला, आणि तिच्याकडं न बघता त्यांनी सांगून टाकलं. "सयाजीला तोंडाचा कॅन्सर हाय. मिरजेला दाखवलंय. गालातनं खाली उतरलाय. डॉक्टर आपरेशन करू म्हणत्यात, पण वर्ष काढंल असं कोण बोलत न्हाय."

तिनं हातातला कप गाड्यावर ठेवला.

"मी काय वाईट माणूस न्हाय," आबा म्हणाले. "पण तुझा विमा मी उतरवलाय, तवा सांगणं माझं काम हाय. सही करू नकोस. कागदावर तू अजून त्याची बायको हाईस. आज सही केलीस तर बावन्न हजारात वाटणी. थांबलीस तर लाख, आणि वर बोनस, सगळं एकटीचं. म्हातारीला घाई लागलीय ती त्यासाठीच. तिला ठावं हाय."

"आणि त्यांना?"

"त्याला सगळं ठावं हाय. मला म्हणाला, तिला यातलं काय सांगू नका."

ती आत आली. फॉर्म टेबलावर मांडलेले होते, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. अनुजानं पेन हातात घेतलं, खाली ठेवलं. "मी बँकेचं पासबुक विसरले," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी करू." पासबुक तिच्या पिशवीत होतं.

चिमणाबाई उसळल्या. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. सयाजीनं एकदा आबांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि त्याला समजलं. "बरं," तो म्हणाला. "तुझ्या सोयीनं." एवढं बोलायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं.

अतुलला तिनं सांगितलं. वाईट त्यालाही वाटलं. मग म्हणाला, "आपण काय त्याला माराय चाललोय का? त्याचं व्हायचं ते व्हणार. तू नुस्तं गप बस. उद्या तुला म्हातारपण हाय, तवा कोण हाय?" यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर तिला त्याच्याशी भांडता आलं नाही.

ती गप्प बसली. सकाळी बालवाडी, दुपारी पिको. त्यांच्या घरी फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात यायचा आणि दुकानदार हाक मारायचा. गुरुवारी दुपारी फोन वाजला आणि दुकानदारानं त्यांच्या घराच्या दिशेनं "अवो" म्हणून हाळी दिली. कोल्हापूरचा फोन असणार असं वाटून अनुजा मशीन थांबवून उठली. दारापर्यंत दहा पावलं असतील. त्या दहा पावलांत तिच्या डोळ्यापुढं एक खोली उभी राहिली, तिची स्वतःची, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, खिडकीपाशी मोटारवालं नवं मशीन. एखाद्या खोलीचा भाव करून आल्यासारखं सगळं लख्ख दिसलं. दारात पोचली तर हाक शेजारच्या बनाबाईंना होती. त्यांच्या लेकीचा फोन आला होता.

अनुजा उंबऱ्यावर बसली. तिला हायसं वाटलं नव्हतं. तिला थोडं वाईट वाटलं होतं, फोन आपला नव्हता म्हणून. ते तिनं स्वतःशी कबूल केलं. सव्वा वर्ष या माणसाची वाट बघितली होती ती न्यायला येण्याची. आता कशाची बघत होती?

सोमवारपर्यंत तिला थांबवेना. शनिवारी सकाळच्या गाडीनं ती शिवाजी पेठेत गेली. चिमणाबाई दळण आणायला गेल्या होत्या. सयाजी पुढच्या सोप्यात खाटेवर बसून वाटीतली पेज चमच्यानं पीत होता. निम्मी उपरण्यावर सांडत होती. तिला बघून त्यानं वाटी बाजूला सारली आणि घाईघाईनं तोंड पुसलं.

"आबानं सांगितलं न्हवं?"

"व्हय."

"मग आलीस कशाला? थांबायचं." तो हळूहळू, थांबत थांबत बोलत होता. "त्या दिवशी मीच म्हणणार हुतो, थांब म्हणून. आईम्होरं बोलता आलं न्हाय. तू पेन खाली ठेवलंस तवा मला बरं वाटलं. खरंच सांगतो. हप्तं तू भरलंस. तुलाच मिळू दे."

"मला नको ते पैसे."

"येडी हाईस."

"असू दे. ह्या गुरुवारी माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला सांगता यायचं न्हाय. सोमवारी सही करूया. तुमच्या आपरेशनला लागतील."

ती खाली पाटावर बसली. सव्वा वर्षाचं साठलेलं होतं. बोलायचं ठरवलं नव्हतं तरी आलंच. "न्यायला का आला न्हाईसा? एकदा दारात उभं राहिला असता तर मी पिशवी घेऊन निघाले असते."

"आलतो की."

"कधी?"

"शिमग्याच्या म्होरं. वडगावच्या स्टँडवर उतरलो. तुमच्या गल्लीच्या तोंडापतोर आलतो. लांबनं तू बालवाडीची पोरं घेऊन जाताना दिसलीस. पोरं तुझ्या पदराला धरून चाललीवती." तो दम घ्यायला थांबला. "हातात काम न्हाय, खिशात परतीचं भाडं तेवढं. मेव्हण्याच्या दारात कुठल्या तोंडानं उभारू? स्टँडवर च्या प्यालो आणि गाडीत बसलो."

अनुजाला हंबरडा फोडावासा वाटला, पण रडणं आलंच नाही. तो शिमगा तिला आठवत होता. त्या दिवसांत ती संध्याकाळी मुद्दाम दार उघडं ठेवून बसायची.

सोमवारी सह्या झाल्या. वाटणीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, सगळे आपरेशनला घ्या. सयाजी हट्टाला पेटला. त्यानं क्लार्कच्या टेबलावरचा कागद ओढून घेतला आणि लिहिलं, कारण बोलून दमला होता: चाळीस हप्ते, सोळा माझे, चोवीस तिचे. खाली आकडे मांडले. वीस हजार आठशे त्याचे, एकतीस हजार दोनशे तिचे. चिमणाबाई काही बोलणार तोच त्यानं हात वर केला, पूर्वी मैदानात पंचाला थांबवायचा तसा. "उपकार न्हाय पायजे," तो म्हणाला. "वाटणी म्हंजे वाटणी."

चेक तीन आठवड्यांनी आला. जुन्या जोडखात्यात जमा झाला, पैसे काढले, आणि खातंही बंद केलं. त्याच आठवड्यात वकिलानं काडीमोडाचा अर्ज कोर्टात दिला. बँकेच्या पायऱ्या सयाजी आधार घेऊन उतरत होता, तेवढ्यात अनुजानं आपल्यातले दहा हजार चिमणाबाईंच्या पिशवीत सारले. म्हातारीनं वळून बघितलं. शिवी येईल असं अनुजाला वाटलं. पण चिमणाबाईंनी पिशवीचे बंद आवळले आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस. परत दील तो."

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. गालाचा निम्मा भाग काढला. अनुजा एकदा मिरजेला जाऊन आली. तो पाटीवर खडूनं लिहून बोलायचा. 'ऊन फार हाय, दुपारच्या गाडीनं जाऊ नको' असं त्यानं लिहिलं. जुलैत सयाजी गेला.

डॉक्टर म्हणाले होते, दुखणं सहा महिने आधी आणायला हवं होतं. आबांनी अनुजाला शपथेवर सांगितलं, तुझ्या एका आठवड्यानं काही फरक पडला नाही. तिला ते पटत होतं. तरी तो आठवडा तिच्या हिशेबातून जाईना. अतुल एका शब्दानं बोलला नाही, पण त्याची बायको पाणी भरताना कुणाला तरी सांगत होती, लाखावर पाणी सोडलं आमच्या वन्संनी. तेही खरंच होतं.

मातीला ती गेली होती. काडीमोडाची तारीख ऑगस्टची होती, म्हणजे कायद्यानं ती अजून सयाजीची बायको. भावकीतल्या बायका तिच्याभोवती जमल्या आणि एकमेकींकडं बघू लागल्या. कुंकू पुसायचं की नाही, बांगड्या फोडायच्या की नाही, कुणाला ठरवता येईना. शेवटी अंबूबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं दगड हातात घेतला आणि चिमणाबाईंना विचारलं, "काय करू गं?"

चिमणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून रडून आवाज बसला होता. अनुजाकडं न बघताच म्हणाल्या, "राहू देत तिच्या बांगड्या. ती कवाच गेलीया ह्या घरातनं."

अंबूबाईनं दगड खाली ठेवला. बायका बाजूला झाल्या.

म्हातारीनं आपल्याला वाचवलं, की उंबऱ्याबाहेर काढलं, हे अनुजाला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कधी नाही. विचारावं असं अनेकदा मनात आलं, पण चिमणाबाई त्याच वर्षी दिवाळीनंतर कागलला लेकीकडं राहायला गेल्या, ते राहून गेलं. वकिलानं ऑगस्टच्या तारखेला अर्ज निकाली निघाल्याचं कळवलं; पक्षकार मयत, एवढंच कारण.

मातीच्या दिवशी मात्र ती कुणाचा निरोप न घेता स्टँडवर आली. वडगावची गाडी भरलेली होती, तिला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. खड्ड्यात गाडी आदळली की हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणायच्या. शेजारची बाई बघेल म्हणून तिनं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं, आणि वडगाव येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.