उजवा कोणाचा

प्रभाकर कंपाउंडरनं गुणवंताच्या पाठीवर जांभळ्या दवाईची फुली मारली, ती डाव्या बाजूला. छातीतलं पाणी काढायची सुई तिथंच जाणार होती.

गुणवंताची माय मनकर्णाबाई स्टुलावरून उठली. ही बाई उठली की भांडण झालंच समजायचं, हे अख्ख्या रामाकोना गावाला ठाऊक होतं. सौसरच्या या दवाखान्यात ते अजून कोणाला कळलं नव्हतं.

"काहून बे, फुली इकडं कायले मारली?"

"मावशी, पाणी डावीकडं हाय. पांढुर्ण्याहून तुम्हीच फोटो काढून आणला ना?" त्यानं एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला. "हे पांढरं दिसून राहिलं का? कोणत्या हाताले हाय?"

"तुह्या डाव्या हाताले हाय. माह्या पोराच्या नाही."

"फोटो मी पाहून राहिलो ना! तुम्ही दुसरी शिकलेल्या, मधात कायले पडता?"

ते दुसरीचं तिला झोंबलं. शाळा दोनच वर्षं झाली, हे खरं. पण पोळ्यापासून पोरगा उजव्याच कुशीवर पडून असतो, डावीकडं वळला की दम लागून उठून बसतो, हे कोणती शाळा शिकवते? पंधरा दिवस त्याची पाठ तिनंच शेकली होती. आता त्याचं चांगलं फुप्फुसच टोचून ठेवलं, तर पोरगा श्वास घेणार कशानं?

"बंडी हाकणारा धुरकरी बैलाच्या मागं बसते, म्हणून त्याचा उजवा थोच बैलाचा उजवा. तू शिंगाकडून पाहून राहिला, अन् वरून बैलालेच खोटं पाडून राहिला! एवढी अक्कल तर आमच्या सालदाराले हाय."

डॉक्टर श्रीकांत हात धुऊन आत आले. "आई, तुम्ही बाहेर बसा."

"नाही बसत. आधी सांगा, उजवा म्हंजे कोणाचा उजवा?"

डॉक्टर वैतागले. "पेशंटचा. नेहमी पेशंटचाच. पुस्तकात माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, तळवे पुढे. त्याचा उजवा हात तोच उजवा. फोटोसुद्धा तसाच बघायचा, तो समोर उभा आहे असं धरून..."

बोलता बोलता त्यांची नजर फोटोवरून फुलीवर गेली. पांढरं पोराच्या उजव्या बाजूला होतं, फुली डाव्या.

"हा पेशंटचा उजवा धरायचा नेम केला कोणी?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"आमचे सर सांगायचे," डॉक्टरांचा आवाज उतरला होता, "जुने वैद्य मुडदे चिरून शिकायचे. एक डोक्याकडे उभा, एक पायाकडे. ज्याचा त्याचा उजवा वेगळा. म्हणून मुडद्याचाच धरायचा ठरलं."

"हौ ना! मुडद्याले विचारता येत नाही, म्हणून नेम करा लागला. माहा पोरगा तर जित्ता हाय! तीन दिवसांपासून इथं पडून हाय. तुमच्यातल्या एकानं तरी विचारलं काय त्याले, बाबू, कुठं दुखते?"

प्रभाकर स्पिरिटचा बोळा घेऊन फुली पुसायला वाकला, तसा तिनं बोळा हिसकला. "सरक तिकडं." अन् पोराच्या पाठीची सालटी निघतील इतक्या जोरानं तिनं स्वतःच फुली घासली.

डॉक्टर गुणवंतासमोर येऊन बसले. "कुठल्या बाजूला दुखतं?"

गुणवंतानं मायकडं पाहिलं.

"माह्याकडं कायले पाहून राहिला? जीभ गहाण ठेवली काय? सांग ना तुह्या तोंडानं!"

त्यानं उजव्या बरगडीवर हात ठेवला.