स्टूल गोलात असेपर्यंत

मित्रांनो, मी वेताचं एक जुनं, बुटकं स्टूल आहे. माझा एक पाय आखूड आहे, त्यामुळे जरा डुगडुगतं. पण हसू नका. मी आमच्या खासी गावाचा अख्खा दरबार अडवून धरला होता.

आमच्यात घर धाकट्या लेकीचं. म्हणून घरासोबत मीही कोंग थ्रिनच्या वाट्याला आलं. कोंग म्हणजे मोठी, मानाची बाई. मान मोठा, पण दरबारात, म्हणजे गावाच्या बैठकीत, बाईने बसायचं नाही. दर घरातून एक स्टूल जायचं, सगळी गोलात मांडायची आणि त्यावर पुरुष टेकायचा. मालकीण ती, आणि चाळीस वर्षं मी पेललं तिच्या मामाला, भावाला, मग भाच्याला. त्यांची वजनं मला पाठ आहेत, बोलणं एकाचंही आठवत नाही.

गावात एकच नळ यायचा होता. खालच्या आळीत सगळी म्हातारी माणसं, आणि झऱ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून कोंग थ्रिन दोनदा पडलेली. भाचा शानबोर म्हणाला, "मावशी, तू घरी बस. मी बोलतो की." आणि तिथं जाऊन, नळ फुटबॉलच्या मैदानापाशी घ्यायला त्याने मान डोलावली. शेवटचा ठराव पुढच्या बैठकीत व्हायचा होता.

त्या सकाळी तिने मला काखेत मारलं, गोलात ठेवलं आणि बसली.

मुखिया म्हणाला, "कोंग, कोंबडी आरवली की जग बुडतं म्हणतात."

"बुडायला पाणी लागतं, बाबा. ते साठ वर्षं मी पाठीवरून आणतेय."

मुखियाने बैठक संपली म्हणून सांगितलं. पण गोलात कुणी बसलेलं एक जरी स्टूल असेपर्यंत बैठक उठत नाही, हा त्यांच्याच वाडवडिलांचा नियम. कोंग थ्रिनने निवांत पानसुपारी काढली, सगळ्यांना दिली. दिलेली सुपारी नाकारणं आमच्यात वाईट, त्यामुळे सगळे चघळत बसले.

"मावशी, लोक हसतायत," मागे उभा असलेला शानबोर कुजबुजला.

"हसू देत. उभं राहून पाय दुखले का? तुझी एक सकाळ झाली. माझी चाळीस वर्षं झाली."

दुपारपर्यंत खालच्या आळीतल्या आणखी चार म्हाताऱ्या काठी टेकत, स्टुलं घेऊन आल्या. संध्याकाळी नळ खालच्या आळीत ठरला.

आता शानबोर मला माळ्यावर टाकून प्लास्टिकची खुर्ची आणू म्हणतो. मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला कोपऱ्यात जपून ठेवू नका. पाय आखूड असेल तर खाली चिपाटी सारा आणि कामाला घ्या. पुढच्या बैठकीत पायऱ्यांच्या कठड्याचा विषय आहे. कोंग थ्रिन बसणार आहे, आणि डुगडुगत का होईना, मी तिच्याखाली असणार आहे.