घाई नाही, असं माझ्यावर लिहिलं होतं

मी एक जुना पांढरा फळा आहे, आणि खरं सांगायचं तर मित्रांनो, आता पांढराही उरलेलो नाही. पुसलेल्या अक्षरांची निळसर छाया अंगावर बसली आहे, कितीही घासा, जात नाही. दमलोय मी. पण तुम्ही बसने शाळेत जात असाल, तर माझी गोष्ट थोडी तुमचीही आहे.

पोलादी पत्र्यावर गुळगुळीत मुलामा चढवून मला घडवलं आणि अमेरिकेतल्या कडाक्याच्या थंडीच्या मिनेसोटा राज्यातल्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गात टांगलं. काय लाड होते माझे! बाई मऊ फडक्याने पुसायच्या, माझ्यावर लिहायला मिळावं म्हणून मुलं भांडायची. मग वर्गात चकचकीत स्क्रीन आला आणि माझी रवानगी शाळेच्या बस गॅरेजमध्ये झाली. इथे फडकं कुठलं? बाहीने पुसतात, नाहीतर ग्रीसने माखलेल्या हातमोज्याने.

काम साधं. चालक फेरी संपवून येतात, बसमध्ये काही खटकलं तर माझ्यावर लिहितात आणि घरी जातात. मेकॅनिक नंतर येऊन वाचतो आणि दुरुस्ती करतो. दोघांची गाठ क्वचितच पडते.

आता आमच्याकडची माणसं अशी, की तक्रार करायची त्यांना भारी लाज. छप्पर उडालं तरी म्हणतील, "जरा वारा आहे." बारा नंबरच्या बसची मार्लिस तर त्यांतही पुढे. तिने "जरा वेगळं वाटतंय" लिहिलं, की जुना मेकॅनिक ऑर्व्हिल हातातलं सँडविच टाकून धावायचा. तिला ओळखून होता तो. पण ऑर्व्हिल निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कॅलिफोर्नियाहून तोउ व्हांग आला. तरुण, कामाला चोख, नोकरी मात्र अजून कच्ची.

जानेवारीत मार्लिसने लिहिलं, "बस १२. हीटर जरा वेगळा वाटतोय. जमेल तेव्हा बघ. घाई नाही."

तोउने वाचलं. घाई नाही म्हणतात, म्हणून त्याने दुसऱ्या बसचं अडकणारं दार आधी हाती घेतलं.

दुसऱ्या सकाळी, शेतांमधल्या रस्त्यावर, बाराचा हीटर बंदच पडला. काचा आतून गोठल्या. मार्लिसने बस थांबवून मुलांना जवळच्या शेतघरात नेलं, तोवर पहिलीतल्या एका मुलीची बोटं थंडीने पांढरीफटक पडली होती. बोटं वाचली, पण पालक खवळले. शाळेच्या कार्यालयाला कुणाला तरी काढायचं होतं, आणि तोउला काढणं सगळ्यांत सोपं.

त्या दुपारी मार्लिस माझ्यासमोर आली. "मी लिहिलं होतं रे!"

"तुम्ही 'घाई नाही' लिहिलं होतं," तोउ म्हणाला.

"अगोबाई, ते नुसतं म्हणायचं असतं! ऑर्व्हिलला कळायचं."

"मी ऑर्व्हिल नाही, मार्लिस. मला एवढंच दिसतं, जे इथे आहे."

तिने माझ्यावरचं आपलं वाक्य पुन्हा वाचलं. मग गॅरेजप्रमुख ग्रेचेनकडे गेली. "याला काढू नकोस. याने माझं वाक्य पाळलं. काढायचं तर मला काढ."

ग्रेचेन कार्यालयात जाऊन भांडली. "बस चालवायला आपण शिकवतो, परीक्षा घेतो. लिहायला कधी कुणी शिकवलं यांना?" शेवटी मार्चअखेरच्या वसंत सुटीपर्यंतची मुदत मिळाली. पुन्हा असं झालं, तर दोघेही घरी.

मग दर शुक्रवारी माझ्यासमोर खुर्च्या, कॉफी, ग्रेचेनच्या लिंबाच्या वड्या आणि लिहिण्याचा वर्ग! लायल नावाचा जुना चालक फुरफुरला, "मी बस चालवतो बाई, कादंबऱ्या नाही लिहीत!"

"तुमची कादंबरी वाचली मी, लायल," तोउ म्हणाला. "'आवाज येतोय.' समाप्त."

लायलसकट सगळे हसले. मीही हसलो असतो, अंगात त्राण असतं तर.

ग्रेचेनचं सांगणं एवढंच, की त्या बसमध्ये कधी न बसलेल्यालाही कळलं पाहिजे. काय होतंय, कुठे, कधीपासून, किती धोक्याचं. मार्लिसला ते फार जड गेलं. लिहायची, पुसायची. "एवढं लिहिलं की कुरकुर वाटते मला."

"करा की कुरकुर," तोउ म्हणायचा. "तीच तर हवी आहे मला."

मार्चमध्ये, बर्फ वितळून रस्ते चिखलाचे झाले तेव्हा, तिने लिहिलं, "बस १२. ब्रेक दाबला की डावीकडच्या मागच्या चाकातून घासल्याचा आवाज. आज सकाळपासून. उतारावर वाढतो. ही बस मुलांना घेऊन बाहेर नेऊ नये." शेवटच्या ओळीखाली तिने ठसठशीत रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी ठणकावून नाही म्हणत होती ना!

तोउने एकदाच वाचलं. बाकीची कामं सोडून थेट त्या चाकाशी जाऊन बसला. ब्रेक पार झिजला होता.

सकाळी मार्लिसने राखीव बस नेली, आणि ग्रेचेन माझा फोटो कार्यालयात घेऊन गेली. तोउची नोकरी पक्की झाली, मार्लिसची बस मार्लिसकडेच राहिली. शुक्रवारच्या वर्गाला आता स्वयंपाकघरातली माणसंही येतात.

मित्रांनो, मी थकलो आहे. एक दिवस मला उतरवतील, उतरवू देत. पण तुमच्या घरातली जी माणसं कामावर जातात, त्यांना माझा निरोप सांगा. लिहायला शिकणं शाळा सुटली म्हणून संपत नाही. तुमचं वाचणारा तुमच्या मनात शिरू शकत नाही. तो गार गॅरेजमध्ये एकटा उभा असतो, हातात पाना घेऊन, समोरच्या शब्दांवर विश्वास ठेवून. त्याच्यासाठी आणखी एक ओळ लिहा. जागा आहे माझ्यावर.