हललेला उजवा हात

लंडनमध्ये आठवड्यानंतर स्वच्छ ऊन पडलं, तशी केटली नावाच्या फोटोग्राफरनं नटी ऑगस्टा थ्रेलफॉलला सकाळीच बोलावून घेतलं. नव्या नाटकातल्या विधवा राणीच्या वेषात ती काचेच्या छताखाली उभी राहिली. उजवा हात खुर्चीच्या पाठीवर, डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी पकड.

"आठ आकडे मोजेपर्यंत श्वाससुद्धा नको, बाई."

पाचाला पोचेतो तिला पळून जावंसं वाटलं.

केटली अंधारखोलीतून फोटो उमटलेली ओली काच घेऊन आला. चेहरा स्वच्छ, मुकुटाचा मणी न् मणी स्पष्ट. हाताच्या जागी मात्र नुसता धूर.

"हललात तुम्ही."

"मी? वीस वर्षं काढलीत रंगभूमीवर! तुमचं भिंगच हललं असेल."

तो हसला. त्यानं दुसरी काच तयार केली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं तिच्या हातात कट्यार दिली. "हाताला काम दिलं की गप्प बसतो." काचेवर कट्यारीचा पांढरा पंखा झाला.

आता मात्र तो हसला नाही. "कधीपासून आहे हे?"

ऑगस्टा खोलीत येरझाऱ्या घालू लागली. मुकुट काढला, पुन्हा घातला. "पानगळीपासून. नाटकात कुणाला ठाऊक नाही. उलट, टाळ्या मिळतात! थ्रेलफॉलबाईंचा संताप बोटांच्या टोकांपर्यंत पोचतो, असं छापून आलंय."

"माझा थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानंही वर्षभर लपवलं."

"मग?"

"डॉक्टरकडं उशिरा गेला."

ती पुन्हा खुर्चीशी जाऊन उभी राहिली. चौथ्या वेळी केटलीनं तिचा हात शालीत गुंडाळला. फोटो निर्दोष आला. "हाच दुकानात विकायला जाईल," तो म्हणाला. तिनं काचेकडं पाहिलं आणि तिला ती निवांत राणी कुणी परकीच बाई वाटली.

वेष बदलून ती बाहेर पडली. मेकअप नीट पुसलासुद्धा नाही. दोन गल्ल्यांपलीकडं एका डॉक्टरचं दार होतं. त्यावरून ती पुढं गेली, परत फिरली, पुन्हा पुढं गेली. मग एकदम पायऱ्या चढून तिनं घंटा ओढली. एकदाच ओढली, पण वाजली तीनदा.

मोलकरणीनं दार उघडलं. "डॉक्टर जेवतायत."

"जेवू देत," ऑगस्टा आत शिरत म्हणाली. "मी थांबते. पण संध्याकाळी प्रयोग आहे, त्याआधी मला खरं काय ते कळायला हवं."