गाळणीतला चंद्र

"महाराज, हा रस न गाळता प्यायला तर काय होईल?"

प्रश्न तिचा नव्हता. मागे, वाळत घातलेल्या चादरींच्या आड दबा धरून बसलेल्या दोघी मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. विचारलास तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू, अशी पैज होती. गेल्या वर्षापर्यंत वर्गात तिला गोगलगाय म्हणत. मग वक्तृत्व स्पर्धेत थरथरत का होईना तिने पहिला नंबर मारला, आणि तेव्हापासून जे तोंड उघडलं ते मिटायचं नाव घेईना. आता तिला टिटवी म्हणत. हे नाव तिला मनापासून आवडलं होतं.

धुलाई कारखान्याच्या सुकवणीच्या दालनात बसलेल्या चाळीस जणींनी एकदम वळून तिच्याकडे पाहिलं. यातच सगळा चमत्कार होता. चार महिन्यांपूर्वी, महाराज येण्याआधी, यांतल्या निम्म्या जणींची मान वळतच नव्हती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या ओल्या चादरी दिवसभर वाकून घड्या घालायच्या, की संध्याकाळी पाठीचं लाकूड. रस्त्यात कुणी हाक मारली तर बाया अख्ख्या अंगानिशी वळायच्या, कपाट सरकवल्यासारख्या.

पुढे उंच पाटावर सोममहाराज बसले होते. दोन दगडांत हिरव्या काड्या ठेचून त्यांचा चोथा ते लाकडी कड्यावर ताणलेल्या पांढऱ्या लोकरीत टाकत, आणि खाली पातेल्यात रस ठिबकत असे. टिटवीचा प्रश्न ऐकून त्यांचा हात लोकरीवर क्षणभर थबकला.

मग ते मधासारखं हसले. "न गाळलेला सोम म्हणजे लगाम नसलेला घोडा, बाळ. ऋषी लोकरीतूनच गाळत. लोकर म्हणजे ढग. ढगातून गळला की सोमाचा चंद्र होतो, चंद्र मणक्यात उतरतो आणि मणक्याच्या तेहतीस पायऱ्या चढून टाळूवर विसावतो." पायऱ्या मोजायला कुणी बसलं नव्हतं. बायांनी माना डोलावल्या. टिटवीच्या आईने मात्र डोळे वटारले, तेही सावकाश, जणू पापण्या दुसरंच कुणी उचलत होतं.

प्रत्येकीला एकेक वाटी मिळाली. अर्ध्या तासात एकेक बाई कोमट फरशीवर आडवी झाली. वर पांढऱ्या चादरी हलत होत्या, खाली चाळीस बाया हात-पाय सोडून पडल्या होत्या. चादरींमागच्या मैत्रिणींची खुसपूससुद्धा थांबली. पैज टिटवी जिंकली होती, पण दप्तराची आठवण कुणालाच राहिली नाही.

आईच्या नशिबी त्याहून मोठा मान होता. लोकर पिळून निघणारा शेवटचा दाट घोट तिला मिळायचा आणि ती लोकर घरी नेऊन धुवायचीही तीच. बाकीच्या जणी जळायच्या. बाबा कारखान्याची गाडी चालवत. त्यांना तर आकाश ठेंगणं झालं होतं. वर्षभर कण्हणारी, कुणी बोललं की खेकसणारी बायको आता गुणगुणत होती. महाराजांना राहायला मालकांनी बॉयलरमागची खोली दिली, तेव्हा खाट बाबांनीच वाहून नेली होती.

पण टिटवीला घरात बरं वाटेनासं झालं. आई घरात होती आणि नव्हतीही. ती चहाचं आधण ठेवायची आणि पाणी आटेपर्यंत त्याच्याकडे बघत हसायची. भर दुपारी तिच्याशी बोलायला जावं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा, की ते कुठल्या तरी लांबच्या खोलीतून चालत येतंय असं वाटायचं. एकदा महाराज तीन दिवस बाहेरगावी गेले. तेव्हा आईचे हात थरथरू लागले, झोप उडाली, आणि पडद्याकडे बोट दाखवून ती विचारायची, ती बाई कोण उभी आहे? घरात कुणीही बाई नव्हती. टिटवी तशी धीट, पण त्या पडद्याकडे पाठ करून बसायची तिची छाती झाली नाही. महाराज परतले आणि म्हणाले, सोम रुसला होता. वाटी मिळाली आणि पडद्यातली बाई निघून गेली. केवढा हा पुरावा, असं सगळ्या म्हणाल्या.

मग तो मंगळवार उजाडला. शाळा लवकर सुटली म्हणून टिटवी आईचा डबा घेऊन कारखान्यात गेली. आई तापलेल्या रुळाच्या इस्त्री-यंत्रावर चादरी सरकवत होती. चादरीबरोबर तिची बाहीही आत सरकली, आणि बाहीमागून हात. आई ते बघत होती. हसत होती. टिटवीने डबा टाकला आणि लाल बटणावर तळहात आपटला. रूळ थांबला तेव्हा आईची बोटं भाजून लाल झाली होती. आईने ती चेहऱ्याजवळ नेली, उलटसुलट करून पाहिली आणि हळूच विचारलं,

"हा हात कुणाचा आहे गं?"

हे वाक्य टिटवीच्या मागे लागलं. जिन्यात, शाळेच्या वाटेवर, गणिताच्या तासाला, ते पाठीशी उभंच असायचं.

आईच्या हाताला पट्टी बांधल्यामुळे त्या संध्याकाळी लोकर धुवायचं काम टिटवीवर आलं. धुलाईतल्या बायांचा एक नियम होता, आणि आईने तो तिला बोलायला शिकवण्याआधी शिकवला असावा: खिसा चाचपल्याशिवाय कपडा पाण्यात टाकायचा नाही. पेन, चावी, कुणाचं पत्र, काय निघेल सांगता येत नाही. चार महिने ही लोकर मात्र कुणी चाचपली नव्हती. देवाच्या वस्तूला कसला आलाय खिसा?

टिटवीने सवयीने बोटं फिरवली. लोकर दुहेरी होती. दोन थर कडेने बारीक टाक्यांनी शिवले होते आणि आत काहीतरी कचकचत होतं. तिने एक टाका उसवला. पांढरी भुकटी सांडली, आणि भुकटीत एक तुकडा. एका बाजूने गोल, दुसऱ्या बाजूने तुटलेला, आणि मधोमध सरळ रेघ. काडीवर असं काही उगवत नाही, हा गोळीचा तुकडा होता. महाराजांचा हात कुठे थबकला होता ते तिला आठवलं आणि तुकडा मुठीत घेऊन ती निघाली.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या ताईंनी तो तुकडा चिमट्यात धरून उजेडात पाहिला, कपाटातून एक पाकीट काढून त्याच्याशी ताडून बघितला आणि टिटवीला आत बोलावून स्टुलावर बसवलं. हे स्नायू सैल करणारं औषध आहे, त्या म्हणाल्या. पाठ आखडली की डॉक्टर ते थोडे दिवस देतात. दुखणं हलकं होतं, पण गुंगी येते, यंत्रावर काम करायचं नसतं. महिनोन् महिने घेतलं तर शरीर त्याच्यावाचून राहीनासं होतं, आणि एकदम तोडलं तर थरकाप होतो, झोप उडते, भलतंसलतं दिसतं.

"पडद्यात बाई दिसते?" टिटवीने विचारलं.

"दिसू शकते," ताई म्हणाल्या. "म्हणून एकदम थांबवू नकोस. आधी डॉक्टर. मी येते तुझ्याबरोबर."

डॉक्टरांनी आईला तपासलं आणि मात्रा हळूहळू उतरवायचा कागद लिहून दिला. दुखण्याचं मूळ विचारल्यावर त्यांनी आईला घडी घालून दाखवायला सांगितलं, आणि म्हणाले, तुमची टेबलं वीतभर बुटकी आहेत. एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिटवी दालनात गेली ती ताईंना घेऊन. तिच्या एका हातात महाराजांची, न धुता तशीच वाळलेली लोकर होती, दुसऱ्या हातात स्वच्छ उकळून वाळवलेला साधा लोकरीचा तुकडा. महाराज, आज यातून गाळा, ती म्हणाली. महाराज म्हणाले, ती लोकर अभिमंत्रित नाही, अपवित्र आहे. काड्या त्याच, दगड तेच, मग चंद्र उतरायला काय हरकत आहे, असं तिने विचारलं. महाराजांनी पाताळापासून नक्षत्रांपर्यंत सगळं सांगितलं, पण नव्या लोकरीला हात लावला नाही. तेवढ्यात टिटवीने जुन्या लोकरीचे टाके सर्रकन उसवले आणि ती लोखंडी टेबलावर झटकली.

काळ्या लोखंडावर पांढरी भुकटी पसरली.

ताईंनी औषधाचं नाव सांगितलं, तुकडा आणि पाकीट शेजारी शेजारी ठेवलं. रोज सकाळी महाराज गोळ्या कुटून लोकरीच्या पोटात भरत, आणि रस त्यातून झिरपताना औषध धुऊन घेई. काड्या साध्या रानगवताच्या होत्या. ऋषींचा खरा सोम कोणती वनस्पती होती यावर आजही जाणत्यांचं एकमत नाही. ऋषींचं नाव वापरायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. बॉयलरमागच्या खोलीत रिकाम्या पाकिटांची पिशवी सापडली, तेव्हा ताईंनी पोलिसांना बोलावलं. पोलिसांबरोबर जाताना महाराज लगाम नसलेल्या घोड्यासारखे नाही, शेळीसारखे गेले.

टाळ्या पडतील असं टिटवीला वाटलं होतं. भाषणाला पडतात तशा. कुणी हललं नाही. मग घड्या घालणाऱ्यांतल्या सर्वांत वडील काकू उठल्या, टेबलाशी आल्या, ओलं बोट भुकटीत बुडवलं आणि चाटलं.

"काहीतरी असणार हे कळत होतं गं," त्या म्हणाल्या. "पण मान वळत होती."

ताईंनी भुकटी चटकन कागदात गुंडाळली आणि एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांकडे चला म्हणाल्या, पण कुणी निघालं नाही. काकूंचं बोट तसंच हवेत राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बाबा मान खाली घालून बसले होते. अर्ध्या वस्तीने बोलणं टाकलं होतं. मोठ्या काकूंना थरकाप सुटला होता, आणखी तिघी-चौघी दार लावून पडल्या होत्या, आणि टिटवीने सोम पळवला म्हणून आपल्याला भूत लागलं, असं म्हणत होत्या. बाबांचं म्हणणं, आपलं माणूस वाचलं ना, आता गप्प बसू. आई पट्टीचा हात मांडीवर घेऊन बसली होती. तिचे ओठ कोरडे होते, पण विचारलेल्या गोष्टीचं उत्तर आता ती लगेच देत होती. टिटवीने तिला विचारलं, ती पडद्यातली बाई खरी वाटायची का?

"तुझ्यापेक्षा खरी," आई म्हणाली. "कुणी सांगितलं असतं, की ते औषधामुळे आहे, तर एवढी भ्याले नसते."

टिटवी उभी राहिली. या वेळी तिचा आवाज थरथरला, आणि तिने तो थरथरू दिला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. आत्ता मोठ्या काकूंकडे जाते आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जाते. मग बाकीच्या अडतीस घरी. दुखणं खरं आहे, तेव्हा औषधही नाव सांगून, मोजून दिलेलं हवं. आणि का दुखतंय हे विचारायलाच हवं. मालकांना टेबलं उंच करा हेही मीच सांगणार. जी दार आपटेल तिच्याकडे उद्या पुन्हा जाईन. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी मी निघाले."